किती विमाने, कुठल्या युद्धासाठी?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी हयातभर नागरिकशास्त्र शिकवले. त्यांच्या नावाने बोलताना मी लढाऊ विमानाचा विषय घेतला म्हणून काहींनी भुवया उंचावल्या. पण आज मी विमानाबद्दल कमी आणि विमानाच्या बिलाबद्दल जास्त बोलणार आहे. सरकार आपल्या पैशाने एखादी महाग वस्तू घेते तेव्हा ती किती घ्यायची, हे कोणी ठरवायचे? कुठे ठरवायचे? आणि कधी ठरवायचे? हे नागरिकशास्त्राचेच प्रश्न आहेत. पुस्तकात त्यांना संसदीय नियंत्रण असे भारदस्त नाव असते आणि परीक्षेत ते टीप लिहा म्हणून दोन मार्कांना येतात.

त्यासाठी मी एक परके प्रकरण निवडले आहे, अमेरिकेच्या एफ-२२ रॅप्टर या विमानाचे. परके अशासाठी की, आपल्या संरक्षण खरेदीवर बोलू लागले की पहिल्या पाच मिनिटांत सभागृहाचे दोन पक्ष होतात. रॅप्टरवरून आपल्यात भांडण होण्याचे काही कारण नाही. शिवाय त्या वादातले आकडे, पत्रे, भाषणे आणि कोणी कुठे मत दिले, ते सगळे उघड आहे. तसे ते उघड आहे, हाच खरे तर आजच्या व्याख्यानाचा मुद्दा आहे.

गोष्ट १९८१ पासून सुरू होते. सोव्हिएत संघ सुखोई-२७ आणि मिग-२९ ही नवी विमाने आणत होता. त्यांना तोड म्हणून अमेरिकी हवाई दलाने पुढच्या पिढीच्या विमानाची मागणी नोंदवली. विमान रडारला जवळपास दिसू नये, जादा इंधन जाळणारा आफ्टरबर्नर न लावता ध्वनीपेक्षा जास्त वेगाने उडावे आणि शत्रूच्या वैमानिकाला सुगावा लागण्याआधी त्याला टिपावे. अशी ७५० विमाने हवीत असा अंदाज होता. दोन गटांनी नमुने बनवले आणि २३ एप्रिल १९९१ रोजी लॉकहीडच्या गटाची निवड झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला.

म्हणजे कंत्राट मिळाले आणि आठ महिन्यांत शत्रूच उरला नाही! एखाद्याला वाटेल, कार्यक्रम तिथेच गुंडाळला असेल. तसे काही झाले नाही. फक्त संख्या उतरत गेली. साडेसातशेची ६४८ आधीच झाली होती, ती मग साडेचारशेच्या आत आली. १९९७ मध्ये ३३९ झाली, २००३ मध्ये २७७ आणि २००४ च्या अखेरीस १८३.

संख्या उतरली म्हणजे खर्च उतरला असे आपल्याला वाटते. इथे उलटा हिशेब आहे. सहलीला पन्नास जणांसाठी बस ठरवावी आणि आदल्या दिवशी पंचवीस जणांनी अंग काढून घ्यावे, तर बसवाला भाडे निम्मे करत नाही. उरलेल्यांच्या डोक्यावर दुप्पट वर्गणी बसते. ती ऐकून आणखी पाच जण गळतात आणि वर्गणी पुन्हा चढते. लढाऊ विमानात संशोधन, चाचण्या, साचे आणि यंत्रसामग्री यांचा खर्च पहिल्या विमानाआधीच झालेला असतो. विमाने कमी केली की तो थोड्या विमानांवर वाटला जातो, एकेका विमानाची किंमत फुगते, तो आकडा पाहून लोकप्रतिनिधी बिथरतात आणि संख्या आणखी कापतात. अमेरिकेत या चक्राला मृत्यूचा भोवरा म्हणतात. रॅप्टर त्यात पुरते सापडले.

या कार्यक्रमावर पहिला खरा घाव १९९९ च्या जुलैत बसला, आणि तो घालणारे युद्धविरोधी चळवळीतले कोणी नव्हते. प्रतिनिधी सभेच्या संरक्षण विनियोजन उपसमितीचे अध्यक्ष जेरी लुईस हे कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन. त्यांच्या जोडीला त्याच समितीतले ज्येष्ठ डेमोक्रॅट जॉन मर्था, व्हिएतनाम युद्धात लढलेले माजी मरीन. दोघेही सैन्याच्या बाजूचे म्हणून ओळखले जाणारे. त्यांनी पहिल्या सहा विमानांच्या खरेदीचे सुमारे १८० कोटी डॉलर कापले. म्हणणे साधे होते. वैमानिक नोकरी सोडून चालले आहेत, हवेत इंधन भरणारी विमाने जुनी झाली आहेत. आधी ते बघा. आणि ज्या विमानाच्या चाचण्या पुऱ्या झालेल्या नाहीत त्याच्या खरेदीची घाई कशाला? हवाई दल आणि लॉकहीड कंपनी दोघांचीही धावपळ उडाली. शेवटी त्या शरद ऋतूत तडजोड झाली: पैसे चालू राहतील, पण ठरावीक चाचण्या पार पडल्याशिवाय पूर्ण उत्पादनाला हिरवा कंदील नाही.

माझ्या मते प्रश्न विचारण्याची योग्य वेळ तीच होती. तोवर वादात होती ती सहा विमाने. पुढच्या दहा वर्षांत काय झाले ते पाहण्यासाठी आपण जरा विमानाच्या जवळ जाऊ.

रॅप्टरचा पुढचा भाग जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटाच्या कारखान्यात बनायचा आणि अंतिम जुळणीही तिथेच व्हायची. मधला धडाचा भाग टेक्ससमधल्या फोर्ट वर्थहून यायचा. पंख आणि मागचा भाग बोइंग कंपनी वॉशिंग्टन राज्यातल्या सिॲटलमध्ये करायची. दोन इंजिने प्रॅट अँड व्हिटनीची, म्हणजे कनेक्टिकटची. बाकीचे सुटे भाग पुरवणारे सुमारे हजार पुरवठादार, आणि लॉकहीडच्याच सांगण्याप्रमाणे ते ४४ राज्यांत पसरलेले. अमेरिकेत राज्ये पन्नास. प्रत्येक राज्याचे सिनेटर दोन. तेव्हा ४४ राज्ये म्हणजे किती सिनेटर, हा गुणाकार आपण मनातल्या मनात करू शकतो. कंपनीला तो आपल्याआधी आला होता.

यात बेकायदा काही नाही. कोणी पाकीट दिले नाही की घेतले नाही. विमानाचे काम देशभर वाटले एवढेच. पण त्यामुळे विमान रद्द करणे म्हणजे कुठल्या तरी सिनेटरच्या गावातला कारखाना बंद करणे झाले. भ्रष्टाचारावर कायद्याने तरी इलाज करता येतो. या रचनेवर तसा इलाज नाही, म्हणून ती जास्त चिवट असते.

आता २००९ साल. आर्थिक मंदीने अमेरिकेत बेकारी नऊ टक्क्यांच्या वर गेलेली. ओबामा नुकतेच अध्यक्ष झालेले. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स मात्र आधीच्या बुश सरकारातलेच, कायम ठेवलेले. इराक आणि अफगाणिस्तानात रोज सैनिक मरत होते, ते रस्त्यावर पेरलेल्या सुरुंगांनी. त्या दोन्ही युद्धांत तोवर एकाही रॅप्टरने उड्डाण केले नव्हते. ६ एप्रिल २००९ रोजी गेट्स यांनी जाहीर केले की रॅप्टर १८७ वर थांबवायचे. पुढचा भर तुलनेने स्वस्त होईल अशी आशा असलेल्या एफ-३५ या दुसऱ्या लढाऊ विमानावर.

कंपनीने त्याआधीच मोहीम उघडली होती. जाहिरातींत ९५ हजार नोकऱ्यांचा आकडा ठळक होता. सोव्हिएत संघाला टक्कर द्यायला जन्मलेले विमान आता बेकारी हटवणारी योजना म्हणून विकले जात होते. लोकशाहीत अशा वेळी एक ताळा करून पाहावा: एखाद्या शस्त्राचे समर्थक शत्रूपेक्षा रोजगाराबद्दल जास्त बोलू लागले की त्या शस्त्राची लष्करी बाजू लंगडी पडली आहे का, हे तपासायला हवे. प्रत्येक वेळी तसे असेलच असे नाही, पण तपासायला हवे.

रॅप्टरची लष्करी बाजू अगदीच लंगडी नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. हवाई दलाने स्वतःची गरज ३८१ विमानांची मांडली होती. लढाऊ विमानांच्या तुकड्या ज्यांच्या हाताखाली होत्या त्या जनरल जॉन कॉर्ली यांनी जूनमध्ये जॉर्जियाचे सिनेटर सॅक्स्बी चॅम्ब्लिस यांना लेखी कळवले की १८७ विमानांवर थांबणे म्हणजे मोठी जोखीम पत्करणे आहे. त्यांच्या वरचे हवाई दल प्रमुख नॉर्टन श्वार्ट्झ आणि हवाई दलाचे सचिव मायकेल डॉनली यांनी मात्र एप्रिलमध्येच वर्तमानपत्रात लेख लिहून गेट्स यांची बाजू घेतली होती. एकाच दलातले दोन वरिष्ठ सेनापती, मते दोन आणि दोन्ही जनतेसमोर. शिस्तीच्या दृष्टीने कोणाला हे खटकेल. नागरिकाच्या दृष्टीने मला ते उपकारक वाटते.

वाद किमतीवरही होता. समर्थक म्हणत, एक विमान सुमारे पंधरा कोटी डॉलरला पडते. विरोधक म्हणत, पस्तीस कोटी. आता यातले खरे कोण? दोघेही! संपूर्ण कार्यक्रमाचा खर्च साधारण साडेसहा हजार कोटी डॉलर. त्याला विमानांच्या संख्येने भागले की पस्तीस कोटी येतात. पण संशोधनाचा पैसा आधीच खर्च झालेला होता आणि विमाने न घेतल्याने तो परत येणार नव्हता. पुढचे विमान बांधायला लागणारा पैसा पंधरा कोटींच्या आसपास. म्हणून २००९ मध्ये निर्णय घेणाऱ्याने बघायचा आकडा पंधरा कोटींचा होता, पस्तीसचा नव्हे. एवढ्यापुरते समर्थकांचे गणित बरोबर होते. पण त्या पंधरा कोटींत आणखी काय घेता आले असते, या प्रश्नाचे उत्तर ते देत नव्हते.

जूनमध्ये प्रतिनिधी सभेच्या सशस्त्र सेवा समितीने आणखी बारा विमानांच्या आगाऊ तयारीसाठी ३६ कोटी ९० लाख डॉलर घातले. मते ३१ विरुद्ध ३०. सिनेटच्या समितीने सात विमानांसाठी १७५ कोटी डॉलर घातले. मते १३ विरुद्ध ११. ओबामा यांनी कळवले की हा पैसा विधेयकात राहिला तर मी नकाराधिकार वापरेन. आता प्रमाण बघा. अख्खे विधेयक सुमारे ६८ हजार कोटी डॉलरचे आणि वाद १७५ कोटींचा, म्हणजे साधारण पाव टक्क्याचा. तेवढ्यासाठी राष्ट्राध्यक्षाने आपल्याच सैन्याचे विधेयक परत पाठवायची भाषा का करावी? गेट्स यांनी १६ जुलैला शिकागोत केलेल्या भाषणाचा रोख हाच होता की जे विमान संरक्षण खात्यालाच नको आहे ते थांबवता येत नसेल, तर मग कुठलीच गोष्ट थांबवता येणार नाही.

२१ जुलै २००९. समितीने घातलेला पैसा काढून टाकण्याची दुरुस्ती सिनेटसमोर आली. ती मांडणारे दोघे: समितीचे डेमोक्रॅट अध्यक्ष कार्ल लेव्हिन आणि रिपब्लिकन जॉन मॅकेन. हे तेच मॅकेन, जे आठ महिन्यांपूर्वी ओबामांविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक हरले होते. विरोधात उभे राहिले चॅम्ब्लिस. जुळणीचा कारखाना त्यांच्या जॉर्जियात. पण त्यांच्या बाजूला ओबामांच्या पक्षाचेही सदस्य होते: कनेक्टिकटचे क्रिस डॉड, ज्यांच्या राज्यात इंजिने बनत, आणि वॉशिंग्टन राज्याच्या पॅटी मरे आणि मारिया कँटवेल, ज्यांच्या राज्यात पंख बनत. पक्षाच्या भिंती कोसळल्या आणि कारखान्यांचा नकाशा वर आला. सिनेटमध्ये महत्त्वाच्या मतदानाला सदस्यांची नावे एकेक करून पुकारतात आणि प्रत्येकाचे हो किंवा नाही नोंदले जाते. निकाल लागला ५८ विरुद्ध ४०. पैसा गेला. रॅप्टर १८७ वर थांबले. शेवटचे विमान डिसेंबर २०११ मध्ये मॅरिएटाच्या कारखान्यातून बाहेर पडले.

मग बरोबर कोण ठरले? श्रोते हो, याचे सोयीस्कर उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे असेल त्याच्यापासून सावध राहा.

शिकागोच्या भाषणात गेट्स यांनी अंदाज सांगितला होता की २०२० पर्यंत चीनकडे अशा पिढीचे एकही विमान नसेल. ११ जानेवारी २०११ रोजी चीनच्या जे-२० विमानाने पहिले जाहीर उड्डाण केले. त्या दिवशी गेट्स स्वतः बीजिंगमध्ये चीनचे अध्यक्ष हू जिंताओ यांना भेटायला गेले होते! २०१७ मध्ये ते विमान चिनी हवाई दलात दाखलही झाले. एफ-३५ वरचा भरवसाही महागात पडला. ते विमान लांबले, फुगले, आणि २०१० मध्ये गेट्स यांनाच त्या कार्यक्रमाच्या प्रमुखाला हटवावे लागले. एफ-३५ च्या पूर्ण आयुष्याचा खर्च आज अमेरिकेचे सरकारी लेखापरीक्षक दोन लाख कोटी डॉलरच्या पुढे धरतात. २०१७ मध्ये अमेरिकी संसदेच्या सांगण्यावरून हवाई दलाने हिशेब केला की रॅप्टरचे उत्पादन पुन्हा सुरू करून १९४ विमाने घेतली तर काय पडेल. उत्तर आले, सुमारे पाच हजार कोटी डॉलर. साचे आणि हत्यारे कॅलिफोर्नियातल्या लष्करी डेपोत जपून ठेवली होती, पण हात सरावलेले कामगार आणि पुरवठादार असे डेपोत ठेवता येत नाहीत.

एवढे ऐकून वाटेल, गेट्स चुकले. पण दुसरी बाजूही पाहा. रॅप्टरचा पहिला लढाऊ वापर झाला सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियात, आणि तोही जमिनीवरच्या लक्ष्यांवर. हवेत शत्रूला पाडणे हे ज्याचे जन्मकर्म, त्या विमानाने हवेतले पहिले लक्ष्य टिपले ४ फेब्रुवारी २०२३ रोजी, दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगत. ते लक्ष्य होते चीनचा एक फुगा. त्याच्याआधीच्या वीस वर्षांत अमेरिकेची जी माणसे युद्धात मेली, ती रॅप्टर कमी पडले म्हणून मेली नाहीत.

तेव्हा भविष्य ओळखण्यात सगळेच कमी-अधिक चुकले. त्याबद्दल मी कोणालाही दोष देणार नाही. तीस वर्षे आधी विमान मागवायचे आणि तीस वर्षांनी कोणाशी लढायचे ते आजच ओळखायचे, हे कुठल्याच सेनापतीला जमलेले नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. जो प्रश्न १९९९ मध्ये सहा विमाने असताना निकराने विचारायला हवा होता, तो २००९ मध्ये हजार पुरवठादार गुंतल्यावर विचारला गेला. उशिरा विचारलेल्या प्रश्नाला दोनच उत्तरे उरतात आणि दोन्ही महाग असतात. घेतले तर विमानाचा खर्च, थांबवले तर आधी घातलेल्या खर्चाची नासाडी.

तरीही त्या देशाने एक गोष्ट केली. प्रश्न सभागृहात आणला आणि नावानिशी मते घेतली. डॉड यांनी काय केले, मॅकेन यांनी काय केले, हे आज आपण इथे बसून सांगू शकतो.

आता दोन शब्द आपल्याबद्दल. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात पूर्वी मिग बनत होती, नंतर सुखोई-३० बनली आणि आता तेजसचीही जुळणी होते. तेव्हा लढाऊ विमानाचे राजकारण हे आपल्यापासून दूर अमेरिकेतच घडते असे नाही. ते नाशिक जिल्ह्यातही घडू शकते. राफेलवर आपण वर्षानुवर्षे भांडलो. मूळ निविदा १२६ विमानांची होती, २०१६ चा करार झाला ३६ चा. ते भांडण मुख्यतः किमतीवर आणि भागीदार कंपनीवर झाले. किमतीचा तपशील गोपनीयतेच्या नावाखाली झाकला गेला. २०१९ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला त्यातही किमतीचे आकडे काळे केलेले होते. पण १२६ ची गरज ३६ वर कशी आली, आणि ३६ पुरेशी असतील तर आधीची १२६ कोणत्या हिशेबाने मागितली होती, या प्रश्नावर त्या मानाने कमी घाम गाळला गेला.

त्याहून वाईट म्हणजे, संरक्षणाच्या मागण्या लोकसभेत कित्येकदा चर्चेविनाच मंजूर होतात. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तर गोंधळात साऱ्याच खात्यांच्या मागण्या गिलोटिन लावून, म्हणजे चर्चेला फाटा देऊन, आवाजी मतदानाने एका झटक्यात संमत झाल्या. आवाजी मतदानात कोणाचे नाव कुठे नोंदले जात नाही. २०२५-२६ चा आपला संरक्षण अर्थसंकल्प ६ लाख ८१ हजार कोटींचा होता. संरक्षणविषयक स्थायी समिती दरवर्षी या मागण्यांवर अहवाल देते आणि तो कोणालाही वाचता येतो. वाचतो कोण?

हा विषय आजच काढायला एक कारण आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या स्वदेशी पाचव्या पिढीच्या विमानाच्या, म्हणजे ॲम्काच्या, नमुन्यांसाठी १५ हजार कोटी रुपये मंजूर केले. मी त्या विमानाच्या विरोधात नाही. शेजारी चीनकडे तसे विमान उडत असताना आपण हात बांधून बसावे असे कोणीही म्हणणार नाही. पण आपण आज जिथे उभे आहोत तिथे अमेरिका १९९१ च्या आधी होती. नमुने व्हायचे आहेत, कारखान्यांचे जाळे पसरायचे आहे, कोणाच्याही मतदारसंघातली नोकरी अजून त्यावर अवलंबून नाही. प्रश्न विचारायला याहून स्वस्त वेळ पुढे येणार नाही.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या खासदाराला चार प्रश्न लिहून पाठवा. ही विमाने किती घ्यायची? ती कुठल्या युद्धासाठी? पुढचे एक विमान केवढ्याला पडेल? आणि त्या पैशासाठी सैन्याची कोणती दुसरी गरज मागे ठेवायची? त्यांना उत्तर ठाऊक नसेल तर त्यांनी ते सभागृहात विचारावे, आणि मतदान आले तर नावानिशी मत मागावे. पत्र साध्या टपालाने गेले तरी चालेल, पण ते येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी पोचले पाहिजे.